बादरायण संबंध की खरे नाते? ‘ब्लॅक मिरर’च्या भागांमधील छुपे दुवे

ओढूनताणून जोडलेल्या नात्याला मराठीत ‘बादरायण संबंध’ म्हणतात. त्यामागची कथा मोठी गमतीदार आहे. एक अनोळखी पाहुणा कुणाच्या घरी उतरतो, यथेच्छ पाहुणचार घेतो आणि यजमानाने नाते विचारले तेव्हा सांगतो, की माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आहे आणि तुमच्या दारात बोरीचे झाड आहे. एवढेच आपले नाते. बदरी म्हणजे बोर, म्हणून हा संबंध बादरायण.

दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांनी गेल्या काही दशकांत जी एक स्वतंत्र विद्या घडवली आहे, तिच्याकडे पाहताना ही कथा आठवल्याखेरीज राहत नाही. एका भागात दिसलेले चिन्ह दुसऱ्या भागात पुन्हा दिसले, एका पात्राचे गाणे दुसऱ्याच्या तोंडी आले, की चाहते त्या दोन भागांचे नाते जुळवतात आणि अशा नात्यांच्या जाळ्यातून मालिकेचा एक गुप्त नकाशा तयार करतात. याला ‘फॅन थिअरी’ म्हणतात; आपण त्याला चाहत्यांचे तर्क म्हणू. यांतले बोरीच्या चाकाचे नाते कोणते आणि रक्ताचे कोणते, हे ओळखायचे कसे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश मालिकेसारखे दुसरे उदाहरण नाही. पुढील मजकुरात काही भागांची रहस्ये उघड होणार आहेत, याची ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्या वाचकांनी नोंद घ्यावी.

स्वतंत्र कथा, सामाईक खुणा

चार्ली ब्रुकर यांची ही मालिका ४ डिसेंबर २०११ रोजी ब्रिटनच्या ‘चॅनेल ४’ वाहिनीवर सुरू झाली आणि २०१६ पासून ती ‘नेटफ्लिक्स’वर येऊ लागली. तिचा प्रत्येक भाग म्हणजे एखाद्या कथासंग्रहातील स्वतंत्र कथाच होय. पात्रे वेगळी, काळ वेगळा, शेवट तिथल्या तिथे. तंत्रज्ञान माणसाच्या मोहांना आणि भीतीला कसे खतपाणी घालते, हे या सर्व कथांचे समान सूत्र. ज्या मालिकेत कथानक पुढे चालू राहते, तिथे दुवे शोधावे लागत नाहीत. ते समोरच असतात. इथे मात्र प्रत्येक कथेचे दार बंद आहे. म्हणूनच दोन दारांमध्ये कुठे फट दिसली, की प्रेक्षकाचे कुतूहल चाळवते.

अशा फटी पुष्कळ आहेत. २०११ मधील ‘फिफ्टीन मिलियन मेरिट्स’ या भागात ॲबी नावाची तरुणी एका गायन स्पर्धेत आयर्मा थॉमस यांचे १९६४ सालचे एक प्रेमगीत गाते. तेच गीत पुढे ‘व्हाइट ख्रिसमस’, ‘मेन अगेन्स्ट फायर’ आणि ‘क्रोकोडाइल’ या भागांतही ऐकू येते. ‘व्हाइट बेअर’ भागातील तीन फाट्यांचे चिन्ह १९८४ साली घडणाऱ्या ‘बॅण्डरस्नॅच’ या चित्रपटात भिंतीवर रेखाटलेले दिसते. एका भागातील काल्पनिक वृत्तवाहिनी दुसऱ्या भागातही बातम्या देते आणि तिच्या पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीत जुन्या पात्रांची नावे डोकावतात. निर्मात्यांनी मुद्दाम दडवून ठेवलेल्या अशा खुणांना ‘ईस्टर एग’ म्हणतात.

दुव्यांच्या तीन पायऱ्या

या सगळ्या खुणा एकाच मापाने मोजल्या, की गोंधळ होतो. त्यांच्या तीन पायऱ्या करून पाहिल्यास बराच उलगडा होतो.

पहिली पायरी सजावटीची. वर उल्लेखिलेले गाणे या पायरीवरचे. एकच गाणे दोन कथांत वाजले म्हणून त्या एकाच जगात घडतात असे होत नाही. ते गाणे आपल्याही जगात आहे. ज्याला तो पहिला भाग आठवतो, त्याला मात्र पुढच्या प्रत्येक वेळी ॲबीची फरफट आठवते आणि गोड स्वरांना कडवट चव येते. ही कामगिरी भावनेची आहे, भूगोलाची नाही.

दुसरी पायरी उल्लेखाची. वृत्तवाहिनीच्या पट्टीत ‘व्हाइट बेअर’मधील व्हिक्टोरिया स्किलेन हिचे नाव येते, तेव्हा त्या जगात ती स्त्री अस्तित्वात आहे असे मानायला जागा मिळते. परंतु तो उल्लेख काढून टाकला, तरी कथेचे काहीच बिघडत नाही.

तिसरी पायरी परिणामाची. २०१६ मधील ‘हेटेड इन द नेशन’ या भागात ब्लू कोल्सन ही तरुण पोलीस अधिकारी तिने पूर्वी हाताळलेल्या एका प्रकरणाविषयी बोलते. ते प्रकरण रॅनक याचे, म्हणजे व्हिक्टोरियाच्या त्याच जोडीदाराचे, ज्याने एका लहान मुलीचा जीव घेतला. त्याच्या साठवलेल्या फायलींत जे पाहावे लागले, त्याचा व्रण घेऊन ही अधिकारी नव्या तपासावर आली आहे. इथे एका कथेतील घटनेने दुसऱ्या कथेतील माणूस घडवला आहे. हा दुवा काढला, तर ब्लूच्या स्वभावाचे एक कारणच नाहीसे होते. ज्याला खऱ्या अर्थाने नाते म्हणावे, ते हे.

नकाशा कुठे फाटतो?

चाहत्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी तर्क असा, की सर्व भाग एकाच जगात, एकाच कालरेषेवर घडतात. माणसाच्या जाणिवेची प्रत काढण्याचे तंत्र आधी रुग्णालयातील प्रयोगात, मग तुरुंगाच्या चौकशीत आणि अखेर ‘सॅन जुनिपेरो’तील कृत्रिम स्वर्गात, अशी त्याची चढती कमान ते मांडतात. ‘टीसीकेआर’ या काल्पनिक कंपनीचे नाव ‘सॅन जुनिपेरो’ आणि ‘ब्लॅक म्युझियम’ या दोन्ही भागांत असल्याने या मांडणीला आधारही मिळतो.

अडचण अशी, की मालिकाच या नकाशाला जागोजागी छेद देते. ‘ब्लॅक म्युझियम’मध्ये एक पात्र चित्रकथेचे पुस्तक वाचताना दिसते आणि त्या पुस्तकाचे नाव असते ‘फिफ्टीन मिलियन मेरिट्स’. म्हणजे जो भाग आपण प्रत्यक्ष घटना म्हणून पाहिला, तो या जगात नुसती काल्पनिक गोष्ट आहे. ‘बॅण्डरस्नॅच’मध्ये तर ‘मेटलहेड’ आणि ‘नोजडाइव्ह’ या भागांची नावे, स्पेलिंग बदलून, १९८०च्या दशकातील व्हिडिओ गेमना दिलेली आहेत. एकाच घटनेने एकाच जगात इतिहासही असावे आणि खेळणेही असावे, हे जमणे कठीण.

स्वतः ब्रुकर यांनी मुलाखतींतून या खुणा सुरुवातीला गंमत म्हणून पेरल्याचे सांगितले आहे आणि ‘ब्लॅक म्युझियम’नंतर सामाईक जगाची कल्पना त्यांनीही मोकळेपणाने स्वीकारली. २०२५ च्या सातव्या पर्वात ‘यूएसएस कॅलिस्टर’चा थेट पुढचा भाग आला आणि ‘प्लेथिंग’ या भागात ‘बॅण्डरस्नॅच’मधील कॉलिन रिटमन हा गेम तयार करणारा पुन्हा अवतरला. आरंभी जी सजावट होती, ती पुढे कथानक झाली. कथालेखक आपल्याच जुन्या खुणांवर नवे मजले चढवू शकतो. म्हणून ‘हे सगळे पहिल्यापासून ठरलेले होते’ हा चाहत्यांचा आवडता निष्कर्ष बहुधा चुकतो. धागा नंतर विणला गेला म्हणून तो खोटा मात्र ठरत नाही.

मनाची जुनी खोड

विखुरलेल्या गोष्टींत आकृती पाहण्याची ओढ माणसात मूळचीच आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड यांनी १९५८ साली तिच्या विकृत रूपाला ‘अपोफेनिया’ असे नाव दिले. पुढे हा शब्द निरोगी मनाच्या अशाच सवयीलाही लावला जाऊ लागला. आपल्याकडे काकतालीय न्याय आहेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याला जबाबदार धरतो.

कथांच्या बाबतीत ही ओढ किती दूर नेते, याचा नमुना अमेरिकेत मिळतो. ‘सेंट एल्सव्हेअर’ ही बोस्टनच्या एका रुग्णालयावरील मालिका मे १९८८ मध्ये संपली. शेवटच्या दृश्यात टॉमी वेस्टफॉल हा स्वमग्न मुलगा हातातील काचेच्या गोळ्याकडे टक लावून पाहतो आणि त्या गोळ्यात रुग्णालयाची छोटी प्रतिकृती असते. म्हणजे सारी मालिका या मुलाच्या कल्पनेत घडली, असा अर्थ लावला गेला. या मालिकेतील डॉक्टर पुढे ‘होमिसाइड’ या पोलीस मालिकेत आले. ‘होमिसाइड’मधील जॉन मंच हा गुप्तहेर ‘द एक्स-फाइल्स’ आणि ‘लॉ अँड ऑर्डर’मध्येही दिसला. झाले, या सर्व मालिकाही टॉमीच्याच डोक्यात घडतात, असा तर्क चाहत्यांनी लढवला आणि साखळी वाढत डझनावारी मालिकांपर्यंत गेली.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनीही या तर्काचे खंडन करण्याची हौस भागवून घेतली. त्यातली मूळ चूक साध्या उदाहरणाने कळते. एखाद्याच्या स्वप्नात शनिवारवाडा आला, म्हणून शनिवारवाडा स्वप्नातला ठरत नाही. टॉमीने खऱ्या डॉक्टरांविषयी कल्पना रंगवली असेल आणि तेच डॉक्टर दुसऱ्या मालिकेत खरोखर वावरत असतील. दोन ठिकाणी एक नाव आले, एवढ्यावरून एक ठिकाण दुसऱ्याच्या पोटात जात नाही.

संग्रहालयातले प्रेक्षक

हे सारे गमतीचे असेल, तर त्याची एवढी चिकित्सा कशाला, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर ‘ब्लॅक म्युझियम’ या डिसेंबर २०१७ च्या भागातच आहे.

वाळवंटी रस्त्याच्या कडेला रोलो हेन्स नावाचा इसम गुन्ह्यांशी संबंधित वस्तूंचे संग्रहालय चालवतो. तिथे ‘हेटेड इन द नेशन’मधील यांत्रिक मधमाशी आहे, ‘आर्केंजल’मधला फुटलेला टॅब्लेट आहे, ‘क्रोकोडाइल’मधला बाथटब आहे, ‘व्हाइट बेअर’मधील शिकाऱ्याचा मुखवटाधारी वेश आहे. चाहत्यांसाठी ही पर्वणीच. चित्र थांबवून, मोठे करून, एकेक वस्तू ओळखण्याचा आनंद अनेकांनी लुटला.

पण त्या काचेमागे आहे काय? प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी मृत्यू किंवा छळ आहे, आणि आपण तो आधी पाहिलेला आहे. संग्रहालयाचे शेवटचे आकर्षण म्हणजे क्लेटन ली या मृत्युदंड झालेल्या कृष्णवर्णीय कैद्याच्या जाणिवेची प्रत. प्रेक्षकांनी कळ ओढायची, त्याला पुन्हा विजेचा धक्का द्यायचा आणि त्याच्या वेदनेचा तुकडा आठवण म्हणून घरी न्यायचा. ‘व्हाइट बेअर’मध्येही तेच होते. तिथे व्हिक्टोरियाची स्मृती रोज पुसून तिला पुन्हा पळवले जाते, आणि तिकीट काढून आलेली माणसे मोबाइलवर तिचे चित्रण करतात.

या दोन भागांमधला खरा दुवा हा आहे, आणि तो टिपण्यासाठी पडदा थांबवावा लागत नाही. शिक्षेचा तमाशा होतो, तमाशाची वस्तू होते, वस्तू काचेमागे जाते आणि पुढचा प्रेक्षक ती ओळखून खूश होतो. खुणा वेचणारे आपणही त्याच रांगेत उभे राहतो.

त्या संग्रहालयात आलेली निश ही तरुणी मात्र पर्यटक नाही. क्लेटन तिचा पिता आहे. रोलो एकेका वस्तूची चटकदार कहाणी सांगत असताना ती शांतपणे ऐकून घेते, कारण ती त्या दालनात एका माणसाला शोधत आली आहे. वस्तू तीच, काच तीच; पाहणाऱ्याचे नाते वेगळे, म्हणून तिचे पाहणेही वेगळे.

चाहत्यांच्या तर्काला लावायची कसोटीही इथेच सापडते. एखादा छुपा दुवा कळल्यावर जुन्या पात्राचे सुख-दुःख आपल्याला अधिक समजले का? ब्लू कोल्सनच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असे येते. गेमच्या खोक्यावरील नावाच्या बाबतीत ते ‘नाही’ असे येते; तिथे ओळखीचे हसू उमटले, की काम झाले. दोन्हींना आपापली जागा आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा खोक्यावरच्या नावावर सिद्धान्ताचा डोलारा उभा राहतो आणि ब्लूच्या आवाजातला थकवा कुणाच्या कानावरही पडत नाही. पुढच्या पर्वात नव्या खुणा असतीलच आणि त्या शोधल्याही जातील. शोधाव्यात; मात्र काचेमागची वस्तू ओळखू आली, की ती कुणाची होती हेही क्षणभर आठवावे.