कर्णबधिर बालकाच्या पालकांना भावनिक आधाराची गरज : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : कर्णबधिरत्व, पालक-समुपदेशन, शीघ्र निदान, पालक गट.

प्रास्ताविक :
बालकास ऐकू येत नाही असे निदान होते, त्या दिवसापासून कुटुंबात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एक बालकाच्या पुनर्वसनाचे आणि दुसरे पालकांनी स्वतःला सावरण्याचे. पहिल्या कामासाठी तपासण्या, उपकरणे व शासकीय योजना आहेत. दुसरे काम मात्र बहुधा त्या कुटुंबावर, त्यातही आईवर, सोडून दिले जाते. पालकांचा भावनिक आधार हा बालकाच्या उपचाराचाच भाग आहे आणि तो राहत्या गावाजवळ मिळाला पाहिजे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पालकांच्या दुःखाचे स्वरूप :
अमेरिकेतील आकडेवारीनुसार ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर बालके ऐकू येणाऱ्या मातापित्यांच्या पोटी जन्मतात. साहजिकच बहुतेक पालकांचा कर्णबधिर व्यक्तीशी पूर्वी संबंध आलेला नसतो. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांविषयी लिहिताना 'दीर्घकालीन दुःख' ही संकल्पना मांडली. ती येथेही लागू पडते. हे दुःख एकदाच येऊन ओसरत नाही. शाळाप्रवेश, नातलगांकडील लग्नकार्य, धाकट्या भावंडाचा पहिला शब्द अशा प्रसंगी ते पुन्हा उफाळून येते.

या दुःखात अपराधभावाची भर पडते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, असे म्हणून आईकडे बोट दाखविले जाते. वास्तविक आनुवंशिक कर्णबधिरत्वाच्या बहुसंख्य प्रकारांत अप्रभावी जनुक कारणीभूत असते. आई व वडील दोघेही त्याचे वाहक असतात, दोघांनाही उत्तम ऐकू येते आणि प्रत्येक गरोदरपणात बालक कर्णबधिर होण्याची शक्यता चारात एक असते. हे स्पष्टीकरण सासू-सासऱ्यांसमक्ष, सोप्या भाषेत देणे हा पालकांना मिळणारा पहिला आधार होय.

भावनिक आधार व बालकाची भाषा :
पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हा जगभर मान्य झालेला संकेत आहे. आपल्याकडे 'याचा बापही उशिराच बोलला होता' या समजुतीत मोलाचे महिने निघून जातात. श्रवणयंत्र मिळाल्यानंतरही भाषा घडते ती घरातील बोलण्यातून आणि खुणांतून. 'याला ऐकूच येत नाही, मग बोलून काय उपयोग?' असे वाटणारी खचलेली आई बालकाशी बोलणे कमी करते. म्हणजेच पालकाचे मौन बालकाच्या भाषेचे नुकसान करते. आईला सावरणे हे म्हणूनच बालकावरील उपचाराइतके तातडीचे आहे.

परिसराची विशेष परिस्थिती :
उल्हासनगर येथील शासकीय मध्यवर्ती रुग्णालयावर या तिन्ही शहरांतील सामान्य कुटुंबांची मोठी भिस्त आहे. श्रवणदोषाच्या क्षेत्रातील प्रमुख राष्ट्रीय संस्था, १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था, मात्र वांद्रे येथे आहे. बदलापूर स्थानक मुंबई सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. तेथून मूल कडेवर घेऊन दादरला गाडी बदलायची आणि वांद्रे गाठायचे, यात दिवस मोडतो व वडिलांची रजा किंवा रोजंदारी जाते. अशा दिवशी उपकरण आणि सराव यांतच वेळ संपतो. मन मोकळे करण्यास कोणी उरत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. उल्हासनगरात अनेक घरांत सिंधी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत मराठी वा इंग्रजी असते. 'बालकाशी कोणत्या भाषेत बोलावे?' ही चिंता पालकांना पोखरते. ज्या भाषेत पालक सहज हसतात, रागावतात व लाड करतात, ती भाषा सोडण्याचे कारण नाही, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

आधाराचे स्रोत :
१) इतर पालक : लुईस ट्रेसी या कर्णबधिर मुलाच्या आईने १९४२ मध्ये लॉस एंजेलिस येथे जॉन ट्रेसी क्लिनिक स्थापन केले. दूरवरच्या पालकांसाठी तेथून पत्राद्वारे विनामूल्य अभ्यासक्रम चालविला गेला. पालकाला पालकाचे बोलणे पटते, हे त्यामागील सूत्र होते.
२) प्रौढ कर्णबधिर व्यक्ती : नोकरी, संसार करणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीची भेट झाली की भविष्याविषयीची भीती ओसरू लागते.
३) व्यावसायिक मदत : झोप उडणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असल्यास तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

महाविद्यालयांची भूमिका :
या तिन्ही शहरांतील महाविद्यालयांना येथे थोड्या खर्चात मोठे कार्य करता येईल. महिन्यातील एका रविवारी एक वर्गखोली पालकांच्या बैठकीसाठी खुली ठेवावी. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी बैठकीचे संयोजन करावे व राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी तेवढा वेळ मुलांना सांभाळावे. सिंधी जाणणारे विद्यार्थी दुभाषाचे काम करू शकतील. मात्र काही मर्यादा पाळाव्या लागतील. छायाचित्रे घेऊ नयेत, कुटुंबांची माहिती प्रकल्पासाठी वापरू नये आणि उपचारविषयक सल्ला तज्ज्ञांवरच सोपवावा. वडील व आजी-आजोबा यांनाही आवर्जून बोलवावे, अन्यथा सारा भार पुन्हा आईवरच येईल.

निष्कर्ष :
कर्णबधिर बालकास यंत्र मिळाले तरी त्याच्याशी बोलणारे माणूस घरात उभे असावे लागते. ते माणूस उभे राहावे यासाठी वांद्र्यापर्यंतचा प्रवास टळणार नाही. तथापि, परतल्यानंतर ऐकून घेणारे कोणीतरी आपल्याच गावात असणे ही गरज भागविणे आपल्या आवाक्यातील आहे.