ठेवलेलं शस्त्र परत द्यावं का?

मित्रहो, आजचा विषय पोलिसांचा आहे, पण सुरुवात मी सॉक्रेटिसपासून करणार आहे. जुनी खोड आहे, सांभाळून घ्या.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये अगदी सुरुवातीला केफॅलस नावाचे एक वृद्ध, सधन गृहस्थ भेटतात. त्यांच्या बोलण्यातून न्यायाची एक सोपी व्याख्या निघते: खरं बोलावं आणि ज्याचं त्याला परत करावं. सॉक्रेटिस लगेच विचारतो, समजा एका मित्राने मन ठिकाणावर असताना आपली शस्त्रं तुमच्याकडे ठेवायला दिली आणि पुढे डोकं फिरलेल्या अवस्थेत तो ती परत मागायला आला, तर द्यायची का? नाही द्यायची, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

वर्गात हा उतारा शिकवताना मुलं हसायची. सर, शस्त्रं कोण कुणाकडे ठेवायला देतं? हसू नका. २००४ साली हा प्रश्न अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरात, अक्षरशः उभा राहिला.

त्या वर्षी जानेवारीत तिथल्या पोलिसांनी एका गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाच्या बंदुका ताब्यात घेतल्या. मार्चमध्ये त्याने त्या परत मागितल्या. आता पोलिसांनी काय करावं? त्या ठेवून घ्यायला कायद्याचा आधारच नव्हता. ज्याचं त्याला परत केलं. १८ ऑगस्टला त्या माणसाने स्वतःच्या आईला ठार मारलं आणि रस्त्यावर येऊन गोळीबार केला. त्यात जेक लेअर्ड हे तरुण पोलीस अधिकारी मरण पावले, त्यांचे चार सहकारी जखमी झाले. पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, इंडियानाने कायदा केला. तो लेअर्ड यांच्याच नावाने ओळखला जातो.

अशा कायद्यांना तिकडे ‘रेड फ्लॅग’ कायदे म्हणतात. लाल बावटा! कामगारांचा नव्हे, रेल्वेचा गार्ड दाखवतो तो. पुढे धोका आहे, गाडी थांबवा. पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये केला.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? माणूस धोकादायक दिसला की पोलिसांनी बंदूक काढून घ्यावी. आपल्याकडेही दारू पिऊन कोयता घेऊन निघालेल्याच्या हातातून शेजारीपाजारी तो काढून घेतातच की. बरोबर आहे. पण शेजारी सकाळी कोयता परत देतात आणि त्यांना त्याच वाड्यात राहायचं असतं. पोलीस म्हणजे सरकार. शिवाय अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. ज्याने अजून गुन्हा केलेला नाही, ज्याला कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही, त्याच्या घरात शिरून त्याची वस्तू उचलायची, ती कशाच्या जोरावर?

मे २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं हेच आलं. ऱ्होड आयलंडमधलं एक जोडपं. भांडणाच्या भरात नवऱ्याने पिस्तूल आणून टेबलावर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, घाल मला गोळी आणि संपव एकदाचं. ती घाबरून हॉटेलात जाऊन राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने पोलिसांना बोलावलं. नवरा तपासणीसाठी इस्पितळात गेला, तेव्हा पोलिसांनी वॉरंटशिवाय घरातून शस्त्रं नेली. आम्ही काळजीपोटी केलं, हा त्यांचा बचाव. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीच्या बाबतीत पोलिसांना असलेली ‘काळजीवाहू’ची भूमिका घराच्या उंबऱ्याआत चालणार नाही.

बघा, पोलिसांचा हेतू वाईट नव्हता. पण चांगला हेतू म्हणजे अधिकार नव्हे. म्हणून कार्यपद्धती लागते. ती कशी असते, ते कनेक्टिकटच्या मूळ कायद्यावरून सांगतो.

दोन पोलीस अधिकारी किंवा सरकारी वकील न्यायाधीशाकडे शपथेवर अर्ज करतात: हा माणूस नजीकच्या काळात स्वतःला किंवा इतरांना इजा करील. नुसत्या ऐकीव तक्रारीवर भागत नाही, त्यांनी स्वतंत्र चौकशी केलेली असावी लागते आणि दुसरा कुठलाही वाजवी उपाय नाही, हे सांगावं लागतं. न्यायाधीश पाहतो ते वागणं. अलीकडे धमक्या दिल्या का, हिंसा केली का, आत्महत्येचा प्रयत्न केला का, जनावरांना क्रूरपणे वागवलं का. वॉरंट निघाल्यावरच शस्त्रं ताब्यात घ्यायची. मग १४ दिवसांच्या आत सुनावणी. तिथे ती व्यक्ती हजर राहून आपली बाजू मांडू शकते आणि धोका सिद्ध करण्याचा भार सरकारवर. धोका ‘स्पष्ट आणि पटण्याजोग्या’ पुराव्याने सिद्ध झाला नाही, तर शस्त्रं परत. झाला, तर जास्तीत जास्त एक वर्ष सरकारजमा.

इंडियानात पोलीस प्रसंगी आधी शस्त्र घेऊन नंतर न्यायालयात जाऊ शकतात, पण २०१९च्या दुरुस्तीनंतर ४८ तासांत शपथपत्र द्यावं लागतं. पुढे १८० दिवसांनी ती व्यक्ती शस्त्र परत मागण्यासाठी अर्ज करू शकते.

यातला सांगाडा लक्षात घ्या. घेणारा हात एक, ठरवणारा हात दुसरा. आणि परत मिळण्याची वाट पहिल्या दिवसापासून लिहिलेली. सॉक्रेटिसचा प्रश्न सोपा होता, कारण मित्राचं डोकं फिरलंय हे त्याने गृहीतच धरलं होतं. खऱ्या आयुष्यात ते कोण ठरवणार, हाच तर प्रश्न आहे.

जॉन स्टुअर्ट मिल हा स्वातंत्र्याचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच्या ‘ऑन लिबर्टी’ या १८५९च्या ग्रंथात एक उदाहरण आहे. कुणी मोडकळीला आलेल्या पुलावर पाय ठेवतोय आणि सावध करायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नसते. पण शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला धोका समजला, तर पुढचा निर्णय त्याचा. आता आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेला माणूस घ्या. ती रात्र सरली तर सकाळी त्याची इच्छा वेगळी असू शकते. बंदूक मात्र सकाळपर्यंत थांबू देत नाही. कनेक्टिकटमधल्या ७६२ जप्त्यांचा अभ्यास झाला, त्यात दर १० ते २० जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली असा अंदाज निघाला.

पण एवढ्यावर थांबलो तर मी तुमची फसवणूक केली असं होईल. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेरीलँडमध्ये पहाटे सव्वापाचच्या सुमारास पोलीस असाच आदेश बजावायला गेले. घरमालकाने बंदूक हातात घेऊनच दार उघडलं. झटापट झाली आणि पोलिसांच्या गोळीने तो मेला. अंधारात दार ठोठावणं हासुद्धा कार्यपद्धतीचाच भाग आहे, आणि तो कागदावर दिसत नाही.

उलट बाजूही पाहा, पुन्हा इंडियानापोलिसमध्येच. मार्च २०२० मध्ये एका आईने पोलिसांना कळवलं की मुलाची भीती वाटते. पोलिसांनी त्याची बंदूक नेली, ती परतही दिली नाही. पण सरकारी वकिलांनी न्यायालयात अर्ज केलाच नाही. पुरावा गोळा करायला कायद्यात पुरेसा वेळ नाही आणि हरलो तर बंदूक परत द्यावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. सुनावणी नाही, म्हणून नव्या खरेदीला बंदीही नाही. त्याने त्याच वर्षी दोन रायफली रीतसर विकत घेतल्या. १५ एप्रिल २०२१ रोजी त्याने एका कुरिअर केंद्रात आठ जणांना मारलं. त्यातले चार शीख होते, आपल्या पंजाबाशी नातं असलेली माणसं. आईने जिवावर दगड ठेवून फोन केला होता. तिने तिचं काम केलं. पोलिसांनी अर्धं केलं.

आपल्याकडे चित्र निराळं आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. परवाना देणारा अधिकारी तो निलंबित करू शकतो, रद्दही करू शकतो. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, हे गावाकडच्या मंडळींना ठाऊक आहे. आपलं सोपं आहे, असं म्हणून सुटू नका. सोपं आहे म्हणूनच इथे विचारायला हवं: घेतलं ते का, किती दिवस, आणि दाद कुठे मागायची?

केफॅलसचं काय झालं, ते राहिलं. सॉक्रेटिसने प्रश्न टाकल्यावर म्हातारबुवा हसले, यज्ञाचं काम आहे म्हणाले, चर्चा मुलावर सोपवून निघून गेले. रात्री फोन उचलणाऱ्या हवालदाराला ती सोय नाही. त्याच्याकडे प्रश्न येतो तेव्हा बंदूक घरात असते आणि आई फोनवर असते. त्याला आधी ठरवून दिलेली, लिहिलेली, तपासता येणारी वाट हवी. ती आखून देणं हे त्याचं काम नाही, आपलं आहे.

थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.