अंतर्गत ट्रान्सड्यूसर

अंतर्गत ट्रान्सड्यूसर हा नौकेच्या तळाला छिद्र न पाडता आतील बाजूने बसवला जाणारा, खोलीमापक यंत्राचा संवेदक आहे. नौकेत पाणी शिरण्याचा धोका टळत असल्याने ही पद्धत लहान नौकांमध्ये वापरली जाते.

कार्यपद्धती

ट्रान्सड्यूसर विद्युत स्पंदांचे ध्वनिलहरींत रूपांतर करतो. या लहरी नौकेच्या तळातून पाण्यात जातात व समुद्रतळावरून परावर्तित होऊन परततात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्याने ०.०२ सेकंदांनी परतलेला प्रतिध्वनी १५ मीटर अंतर दर्शवतो.

जागेची निवड

हवेच्या पातळ थरावरूनही ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतो. त्यामुळे भरीव फायबरग्लासचा तळ योग्य ठरतो; दोन थरांमध्ये फोम किंवा बाल्साचे लाकूड असलेला तळ, तसेच लाकडी तळ अयोग्य मानला जातो. निवडलेल्या जागेखालून पाण्याचा प्रवाह बुडबुड्यांविना वाहणे आवश्यक असते.

जोडणी

कायम जोडणीपूर्वी ट्रान्सड्यूसर पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, ती तळाला टेकवून चाचणी घेतात. त्यानंतर पृष्ठभाग घासून स्वच्छ करतात व ट्रान्सड्यूसर इपॉक्सीत किंचित फिरवत दाबून बसवतात, जेणेकरून आत बुडबुडे राहत नाहीत.

मर्यादा

तळातून जाताना ध्वनीची तीव्रता घटते, त्यामुळे मोजता येणारी कमाल खोली कमी होते. यंत्र ट्रान्सड्यूसरपासूनचे अंतर मोजते. नौकेचा सर्वांत खालचा भाग त्याहून खोल असल्यास तेवढा फरक यंत्रात नोंदवावा लागतो, अन्यथा उथळ पाण्यात नौका रुतण्याची शक्यता असते.