काळीचे कागद, पांढरीचे घर

शेत कोणाचे असे विचारले, तर खेड्यातला माणूस सातबारा काढून पुढे ठेवतो. त्याच माणसाला राहते घर कोणाचे असे विचारा. ‘आमचेच की, पणजोबापासून’ हे उत्तर मिळते, आणि फारच खोदून विचारले तर घरपट्टीची पावती. दोन एकर मुरमाड जिरायतीला शे-दीडशे वर्षांची कागदपत्रे असतात, आणि तिच्याच मालकाच्या चौसोपी वाड्याला धड एक कागद नसतो.

याचे कारण साधे आहे. काळी, म्हणजे कसायची जमीन, सरकारला सारा देत होती. पांढरी, म्हणजे गावठाण, देत नव्हती. जिथून वसूल येतो तिथली नोंद ठेवायची, हा सगळ्याच राजवटींचा शिरस्ता. म्हणून एखाद्या जुन्या घराचा आणि त्याच्या जमिनीचा मालकी-इतिहास शोधायला निघालेल्याने आधी एवढे ध्यानात घ्यावे, की महसुली दप्तर मालकी सिद्ध करून देण्यासाठी जन्माला आलेले नाही. ते वसुलीसाठी जन्मले. मालकीचे ओझे त्याच्यावर नंतर आले.

थळापासून सर्व्हे नंबरापर्यंत

इंग्रजी अमलाआधी देशावरच्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरत राहिला तर तिच्यावरून त्याला सहसा कोणी उठवत नसे. उपरी मात्र बाहेरून आलेला, कौलाने जमीन कसणारा. गावची काळी ‘थळां’त वाटलेली असे आणि मूळ घराणे परागंदा झाले तरी थळाला त्याचेच नाव चालत राही. तंटा झाला तर गोतसभा बसे, महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई आणि त्यावर अक्षरशत्रू कुणब्याची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. मालकी होती, पण ती चार माणसांच्या साक्षीवर उभी होती.

इनामदारांचे वेगळे. त्यांची मालकी सनदेवर, आणि सनद देणाऱ्याच्या मर्जीवर. वाईजवळच्या मेणवलीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. हे गाव १७६८ च्या सुमारास औंधच्या प्रतिनिधींकडून नाना फडणवीसांना मिळाले. नानांनी तिथे कृष्णाकाठी वाडा, देऊळ आणि घाट बांधला. १८०० मध्ये नाना वारले आणि दुसऱ्या बाजीरावाने त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणली. पुढे इंग्रजांमुळे नानांच्या पत्नी जिऊबाईंना मेणवली परत मिळाली. ज्याच्या शब्दावर मराठी राज्य चालले त्याच्या घराची ही गत, तर साध्या गावकुळकर्ण्याच्या वाड्याचे काय सांगावे? १८५२ नंतर इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा ज्यांच्याकडे कागद नव्हता किंवा असलेला पटला नाही, त्यांची इनामे खालसा झाली.

आजच्या दप्तराचा पाया मात्र इंदापूर तालुक्यात पडला. १८२८ च्या सुमारास प्रिंगल यांनी केलेली आधीची पाहणी फसली होती. आकारणी जड झाली आणि शेतकरी गाव सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात नव्याने मोजणी करून तीस वर्षांचा बंदोबस्त बसवला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात फैलावली. मोजायला तेहतीस फुटांची शंकू साखळी होती. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट; आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सरकारी कागद हेक्टर-आर बोलू लागून कित्येक दशके लोटली, तरी गावात जमिनीचा सौदा अजून गुंठ्यातच होतो.

या मोजणीतून प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड बसले, टिपणे तयार झाली. गावठाणाला मात्र नंबर पडला नाही. गावनकाशावर चहूबाजूंनी आकडे घातलेली शेते आणि मधोमध एक कोरी जागा. सगळे गाव त्या कोऱ्या जागेत राहत होते.

डायरी नावाची कादंबरी

मोजणी झाली तरी दप्तरात नाव येई ते सारा भरणाऱ्याचे. जमीन गहाण कोणाकडे, कसतो कोण, वाटा कोणाचा, याचा पत्ता त्यात नसे. सावकारी पाश आवळत गेले आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. जमिनीवरचा खरा हक्क कोणाचा हे लिहून ठेवण्याची निकड सरकारला पटायला तरीही वेळ लागला. मुंबई इलाख्याचा हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावून घेतला गेला. आजचा सातबारा या नोंदणीचा वारस आहे. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. स्वतंत्र महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिने गावदप्तराचे एकवीस नमुने पक्के केले.

घराण्याचा इतिहास हवा असेल तर सातबाऱ्यावर थांबू नये. तो आजची स्थिती सांगतो, एवढेच. खरा मजकूर नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. जुनी माणसे तिला डायरी म्हणतात. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात बारीक आकडे असतात, ते फेरफाराचे क्रमांक. त्यातला सर्वांत जुना क्रमांक घ्यायचा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल काढायची, तिच्यात आधीच्या नोंदीचा धागा सापडतो, तो धरून आणखी मागे जायचे.

एक फेरफार जवळून पाहू. डावीकडे अनुक्रमांक. मग मजकूर : खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा एक; वर्दी थोरल्या मुलाने दिली. त्यापुढे सर्व्हे नंबर. शेवटी, मंडळ अधिकाऱ्याचा शेरा : ‘नोटीस बजावली, हरकत नाही, नोंद मंजूर.’ चार ओळी. पण मुलगे तीन असून सातबाऱ्यावर नाव चढते एकट्या थोरल्याचे, आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे दोघे त्या तीन अक्षरांत बसवलेले असतात. दोन पिढ्यांनी थोरल्याची नातवंडे ‘आमच्या आजोबांचे एकट्याचे नाव आहे’ म्हणून उभी राहतात, आणि दिवाणी कोर्टात दावा पडतो. मुलींची नावे ‘इतर हक्क’ रकान्यात ढकललेली किंवा गायबच. काही महिन्यांनी दुसरा फेरफार सापडतो : बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिले. लग्नाच्या खर्चाची आणि माहेरच्या वाटेची ती मुकी किंमत असते.

कायदा हळूहळू बदलला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, २००५ मध्ये केंद्राने तो देशभर केला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असण्याची अट नाही हे स्पष्ट केले. त्याआधी, १९९० च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. कायद्याने जे होत नव्हते ते चळवळीने काही गावांपुरते करून दाखवले.

घर राहिले, जमीन गेली

देशावरच्या बहुतेक जुन्या वाड्यांच्या डायरीत एक पान हमखास असते आणि तिथे घराची आणि जमिनीची वाट वेगळी होते. १९४८ च्या सुरुवातीला, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले अनेक ब्राह्मण वाडे जळाले आणि कुटुंबे शहरांकडे निघून गेली. त्याच वर्षी कूळ कायदा झाला. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले गेले. कलम ३२ग खाली किंमत ठरली, ती फेडल्यावर ३२म चे प्रमाणपत्र मिळाले आणि सातबाऱ्यावरच्या जुन्या मालकाच्या नावाला आळे, म्हणजे कंस, पडले.

हे पान दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. एका घराण्याला ‘आमची जमीन कुळांनी खाल्ली’ एवढेच आठवते. दुसऱ्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या खंड घातल्यावर पहिल्यांदा स्वतःचे नाव मिळाले. शिवाय कायदा झाला म्हणून प्रत्येक कुळाला जमीन मिळाली असेही नाही. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी प्रसिद्ध केली. कुळांनी ‘स्वखुशीने’ दिलेले राजीनामे किती संशयास्पद होते, ते तिने दाखवून दिले. डायरीत ‘कुळाने राजीनामा दिला’ अशी ओळ दिसली, तर ती तारखेसकट वाचावी.

कोकणात हाच संघर्ष खोतीभोवती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या हक्कांभोवती, झाला. अलिबागजवळच्या चरी गावातून १९३३ ला सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. परगणा आणि कुळकर्णी वतने पन्नाशीच्या दशकारंभी गेली, महार वतनासह कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने. विदर्भातली मालगुजारी १९५१ मध्ये संपली. मराठवाड्यात शोधणाऱ्याला खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक धुंडाळावे लागते.

याच काळात शोधणाऱ्याची वाट आणखी एका ठिकाणी तुटते. १९४७ च्या कायद्याखाली जमिनीचे एकत्रीकरण झाले, विखुरलेल्या तुकड्यांचे गट झाले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतात एक आकडा आणि आजच्या सातबाऱ्यावर दुसराच. दोन्ही जुळवायचे तर एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा काढावा लागतो. त्यावाचून मागचा शोध इथेच अडतो.

पांढरीचा हिशेब

आणि घर? गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे कर आकारणीच्या वहीत. ती कर कोणी भरायचा ते सांगते. घर कोणाचे, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. वाटण्या तोंडीच होत : माजघर थोरल्याकडे, पडवी धाकट्याकडे, परसातली विहीर सामाईक, देवघराचा मान वर्षाआड. सगळे हयात आहेत तोवर हे चालते. तिसऱ्या पिढीत पुण्या-मुंबईतली दहा-बारा माणसे एका पडक्या चौकाची भागीदार होतात, डागडुजीला पैसा कोणी घालत नाही, आणि वाडा वाळवी आणि पावसाच्या ताब्यात जातो. आपले बरेचसे वाडे माणसांच्या अनास्थेइतकेच कागदाच्या अभावाने पडले.

महसूल संहितेत दोन हजारांहून जास्त लोकवस्तीच्या गावठाणांच्या मोजणीची तरतूद होती, पण लहान गावे त्याबाहेर राहिली. ती उणीव भरायला महाराष्ट्राने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साथीने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनमोजणीचा पहिला प्रयोग केला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. पद्धत पाहण्यासारखी आहे. आदल्या दिवशी घरमालक आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढतात, शेजाऱ्याशी वाद असेल तो तिथेच बाहेर पडतो, मग ड्रोन वरून छायाचित्रे घेतो, त्यावरून नकाशा होतो, चौकशी अधिकारी हरकती ऐकतात आणि शेवटी मिळकत पत्रिका मिळते. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात पासष्ट लाख पत्रिका एका दिवशी वाटण्यात आल्या.

मात्र ड्रोनला छपराखालचे दिसत नाही. माजघर कोणाचे, मुंबईतल्या चुलत्याचा वाटा किती, सासरी गेलेल्या आत्याचे नाव कुठे, हे चौकशीच्या दिवशी जो हजर राहील तो सांगणार. पहिली नोंद चुकली तर ती पुढची शंभर वर्षे चुकीचीच उतरत राहते, हा सातबाऱ्याचा धडा आहे. महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे संहितेचे कलम १५७ म्हणते. नोंद म्हणजे मालकी नव्हे, असे न्यायालये वारंवार सांगतात. दोन्ही खरे आहे, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत आपल्याकडचे हजारो दावे अडकून पडलेत.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसिलांमधली मोडीतली जुनी पत्रके पुन्हा उघडली गेली. या दप्तराची किंमत किती, हे त्या निमित्ताने अनेकांना कळले. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला सुरुवात केली. मोहीम चांगली आहे, पण तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आपल्या घरातला वंशवृक्ष कुठून आणणार? तो घरातल्यांनीच द्यायचा असतो. तेव्हा ज्यांचे गावाकडे जुने घर आहे त्यांनी तीन कामे यंदाच करावीत : सातबाऱ्यावरच्या सर्वांत जुन्या फेरफाराची नक्कल काढावी, गावठाणाची चौकशी लागेल तेव्हा स्वतः हजर राहावे, आणि वारसांची वर्दी देताना मुलींची नावे मुलांच्याच रकान्यात लिहावीत.