गोष्टीचे पुस्तक कोणत्या खात्यात?

जूनचा उत्तरार्ध आला की अकोटसारख्या तालुक्याच्या गावी दोन खर्च एकदमच दारात उभे राहतात. एक बी-बियाण्याचा आणि दुसरा मुलांच्या शाळेचा. उन्हाळ्याच्या तापामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, आणि त्याच सुमारास कपाशीची लावण सुरू झालेली असते. वऱ्हाडात थोडी शेती नि थोडी नोकरी अशा दोहोंच्या आधाराने उभी असलेली घरे पुष्कळ; त्यांना हे दोन्ही खर्च एकाच पंधरवड्यात भागवावे लागतात. ते कसे भागतात हे घरातील गृहिणीला विचारावे. वरच्या वर्गातील मुलाची पुस्तके निम्म्या किमतीत मिळवायची, जुन्या वर्तमानपत्रांची वेष्टने पिठाच्या खळीने चिकटवायची, गतवर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून दाभणाने शिवायची आणि कच्च्या कामाला एक वही उभी करायची, हे सारे बिनबोभाट चाललेले असते. विटलेल्या लुगड्यांची गोधडी होते, उन्हाळ्यातल्या मुगवड्या आणि कुरडया पावसाळ्यात भाजीची उणीव भासू देत नाहीत, आणि ज्वारीच्या कण्या शिजवून एक वेळ सहज निभावते. इतके काटेकोर अर्थशास्त्र मोठमोठ्या खात्यांना साधले असते तर त्यांना पुरवणी मागण्या मांडाव्या लागल्या नसत्या!

या काटकसरीविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तक्रार आहे ती तिच्या एका सवयीबद्दल. यादी लांबली आणि काहीतरी कमी करणे भाग पडले, म्हणजे पेन्सिलीची पहिली रेघ गोष्टीच्या पुस्तकावर पडते. गाइड राहते, शिकवणी राहते, मोबाईलचे रिचार्ज तर कोणी खर्चात धरतही नाही. गोष्टीचे पुस्तक तेवढे ‘पुढच्या महिन्यात पाहू’ या सदरात जाते, आणि तो पुढचा महिना क्वचितच उजाडतो. याचे खापर बरेचसे एका शब्दावर फोडावयास हवे. शालेय पुस्तकाबाहेरच्या सर्व वाचनाला आपण ‘अवांतर’ म्हणतो. अवांतर म्हणजे मुख्याच्या बाहेरचे, नसले तरी चालणारे. एकदा नाव असे पडल्यावर जमाखर्चाच्या वहीत ते करमणुकीच्या शेजारी बसणारच. त्याची जागा किराण्याच्या खात्यात, मीठ-मिरचीच्या ओळीत असावी, असे आमचे मत आहे.

यावर पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईल आणि तो खोटा नाही. ज्या घरी कापसाच्या भावावर दिवाळी ठरते त्या घराला ‘पुस्तके विकत घ्या’ असा उपदेश करणे फार सोपे आहे. परंतु शिकवणीच्या एका महिन्याच्या पैशांत गोष्टींची किती पुस्तके येतील, याचा हिशेब ज्याचा त्याने एकदा करून पाहावा. शिवाय ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक आज संगणकावर वा भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचावयास मिळतात. ज्या उपकरणापायी मुले वाचत नाहीत अशी ओरड आपण करतो, त्याच्याच पोटात हा ठेवा आहे. तेव्हा खरी उणीव पैशाची नव्हे. मुलाच्या वाचनाला जो खरा खर्च लागतो तो वडीलधाऱ्या माणसाच्या अर्ध्या तासाचा. आणि एरवी सढळ असलेली घरेही तेथेच हात आखडता घेतात.

एकाने मोठ्याने वाचावे आणि घराने ऐकावे ही गोष्ट आपल्याला परकी आहे काय? श्रावणात पोथी लागते तेव्हा वाचणारा एकच असतो. कोणी वाती वळत असते, कोणी डाळ निवडत असते, लहान मूल आजीच्या मांडीवर पेंगत असते. तरी अध्याय सर्वांच्या कानांवरून जातो. ज्यांना सही करता येत नव्हती अशा स्त्रियांना ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय मुखोद्गत होता, तो अशाच ऐकण्यातून. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजया’त सहाव्या अध्यायात अकोटच्या नरसिंगजींची कथा येते. तेथे आपल्या गावाचे नाव ऐकताच मुले कशी कान टवकारतात, हे पारायणाला बसलेल्या कोणालाही सांगता येईल. आपला गाव छापलेल्या अक्षरांत असू शकतो, हा शोध मुलाच्या दृष्टीने लहानसहान नव्हे. श्रद्धेच्या बळावर जो नित्यनेम महिनाभर चालतो, तो गोष्टीच्या पुस्तकासाठी रोज अर्धा तास का चालू नये?

येथे वऱ्हाडी घरांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे, आणि तिचा विचार पुण्या-मुंबईकडे लिहिल्या जाणाऱ्या शिक्षणविषयक लेखांत क्वचित आढळतो. अकोटच्या मुलाच्या कानावर जन्मापासून ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ पडते. त्याच्या घरी पोळीला पोयी म्हणतात आणि डोळ्याला डोया. वयाच्या सहाव्या वर्षी हे मूल शाळेत जाते तेव्हा पुस्तक ‘मला’, ‘तुला’, ‘कशाला’ अशा भाषेत त्याच्याशी बोलू लागते. भाषा मराठीच, परंतु ओळखीच्या माणसाने अनोळखी कपडे घालून यावे तसे मुलाला होते. त्यातच एखादा गुरुजी ‘पोयी’वर वर्ग हसवतो. मूल तेव्हापासून तोंड मिटते आणि पुढे त्याला ‘वाचनात मागे’ असे म्हणण्यात येते. याउलट हेच पुस्तक मायच्या वा आजोबांच्या आवाजात घरी आले तर काय होते? वाचताना ‘पोळी’ येते, सांगताना ‘पोयी’ येते, आणि या दोन रूपांत वैर नाही हे कोणी न शिकवता मुलाला कळते. ग्रंथभाषेचा उंबरठा त्याने घरच्यांचे बोट धरून ओलांडलेला असतो. शाळेने कितीही प्रयत्न केला तरी हे काम तिला घराइतके साधणार नाही.

शिवाय वऱ्हाडी बोलीची लाज बाळगण्याचे कारण काय? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले ते याच वऱ्हाडात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे. आणि त्यांनी ते केले चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांच्या तोंडून ऐकून. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. ऐकलेल्यातून लिहिलेले जन्माला आले, हे आपल्या भूमीला तरी नव्याने सांगावयास नको.

काटकसर आणि बालशिक्षण यांचे नाते जुळवून दाखविणाऱ्या ताराबाई मोडक यांचाही वऱ्हाडाशी संबंध होता. त्यांचे पती अमरावतीस वकिली करीत. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केला आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभिले. माँटेसरीबाईंची साधने खर्चिक होती, ती आपल्या खेड्यांना परवडणारी नव्हती. म्हणून ताराबाईंनी साधनेच सोडून दिली नाहीत. शिंपले, बिया, गोटे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून त्यांनी ती उभी केली. काटकसरीचे हे खरे रूप होय. नुसते वजा करणे कोणालाही येते. अकोटच्या घरात चिंचोके आहेत, सरकी आहे, पऱ्हाटीच्या काड्या आहेत. त्यांची अक्षरे मांडावयास कोणते दुकान गाठावे लागते?

वाचून दाखविण्याचे काम आईवरच टाकू नये, हेही सांगितले पाहिजे. सायंकाळी चूल तिला सुटत नाही. कचेरीतून परतलेल्या वडिलांनी सतरंजीवर बसून वाचावे. भाकरी थापता थापता तिच्याही कानावर गोष्ट पडेल. आणि गोष्ट संपल्यावर ‘मग तात्पर्य काय?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नये. आम्हां शिक्षक मंडळींचा हा जुना रोग आहे. जेवण झाल्यावर पाहुण्याला पदार्थांची नावे घडाघडा म्हणावयास कोणी लावीत नाही. मुलाने तीच गोष्ट सातव्यांदा मागितली तर सातव्यांदा वाचावी. त्यात पुस्तकाची किंमतही सातपट वसूल होते, हे काटकसरी मनाला पटावयास हरकत नाही.

राहता राहिली वाचनालये. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने त्यांना मान्यता, वर्गवारी आणि अनुदान मिळण्याची सोय झाली, आणि त्यामुळे लहान गावांतूनही ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी काही ठिकाणी मुलांच्या पुस्तकांचे कपाट आम्ही कुलूपबंद पाहिले आहे. पुस्तके फाटतात, असे कारण सांगण्यात आले. फाटली तर घरोघरी खळ आहे, दाभण आहे, शिवणाऱ्या आया आहेत. तालुक्यातील शिक्षकांनी आपल्या सहीवर, आठवड्याला एक वर्ग या हिशेबाने, ते कपाट शनिवारी दुपारी उघडवून घ्यावे. शाळा त्या दिवशी सकाळचीच असते.