सत्तावन्न टक्के: पास की नापास?

नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गर्भपाताच्या हक्काची घटनादुरुस्ती मतदानाला आली. जवळपास ५७ टक्के लोकांनी होकार दिला आणि ती राज्याच्या घटनेत दाखल झाली. वर्षभराने फ्लोरिडात याच विषयावर मतदान झालं. तिथेही ५७ टक्के होकार, साठ लाखांहून अधिक मतं. तरी दुरुस्ती पडली. ओहायोत साधं बहुमत पुरतं, फ्लोरिडात ६० टक्के लागतात.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना आहे. विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्तीसुद्धा डेलावेअर वगळता सगळीकडे मतदारांपुढे न्यावीच लागते. आपल्याकडे कलम ३६८नुसार संसद आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची विधिमंडळं मिळून काम उरकतात. मतदाराला कुणी विचारत नाही.

पण विचारायचं म्हटलं, तरी मोजायचं कसं? मिनेसोटात १८९८पासून मतदानाला आलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त होकार लागतो. समजा शंभर जण आले. ४९ ‘हो’ म्हणाले, ४१ ‘नाही’, आणि दहा जणांनी आमदार-खासदार निवडले, पण दुरुस्तीचा रकाना कोराच सोडला. दुरुस्ती नापास! कोरा कागद तिथे नकारच समजतात. न्यू हॅम्पशायरला दोन तृतीयांश होकार हवा. नेवाडात नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेली दुरुस्ती लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुकांत जिंकावी लागते.

घटना रोज उठून बदलू नये, हा युक्तिवाद खोटा नाही. अलाबामाच्या १९०१च्या घटनेला नऊशेहून अधिक दुरुस्त्या चिकटल्या होत्या. मात्र हे शहाणपण नेमकं कधी सुचतं, ते पाहावं. ओहायोत गर्भपाताचा प्रश्न नोव्हेंबरात येणार हे दिसत असताना सत्ताधाऱ्यांनी ६० टक्क्यांची अट ऑगस्टमध्येच मतदानाला टाकली. ऑगस्टमधल्या बहुतेक निवडणुका याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या, कारण मतदार फिरकत नाहीत! या वेळी मात्र लोक आले आणि ५७ टक्क्यांनी ती अट फेटाळून गेले.

गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण करायचं की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ला झालेला जनमत कौल मराठी वाचकाला आठवेल. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. तिथे ६० टक्क्यांची अट असती, तर दोन्ही बाजू नापास झाल्या असत्या, आणि मग वाद किती वर्षं धुमसला असता कोण जाणे.

माझं मत विचाराल, तर अट कडक असायला हरकत नाही. पण जी अट पुढच्यांवर लादायची, ती आधी स्वतः ओलांडून दाखवावी. कोलोराडोने २०१६मध्ये नव्या दुरुस्त्यांसाठी ५५ टक्क्यांची अट घातली, तेव्हा त्या प्रस्तावाला ५५ टक्क्यांच्या थोडा वर होकार मिळाला होता. फ्लोरिडाची ६० टक्क्यांची अट २००६च्या मतदानात मंजूर झाली. तिला पडलेली मतं ५८ टक्क्यांच्याही आतच होती.