‘ये जो है जिंदगी’च्या पडद्यामागचे भोपाळ

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केटात भाजीचा हाट भरला, की पिशवी सांभाळत घासाघीस करणारी नवरा-बायको, अवचित समोर आलेले कचेरीतील साहेब आणि मुक्कामाला टेकलेला मेव्हणा अशी सारी मंडळी एकाच गर्दीत दिसू शकतात. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘ये जो है जिंदगी’ या कौटुंबिक विनोदी मालिकेचा ऐवज याहून वेगळा नव्हता. ती लिहिणारे शरद जोशी लेखक म्हणून घडले ते नोकरदारांच्या याच शहरात.

मराठी वाचकाला या नावाने शेतकरी संघटनेचे नेते आठवतील. हे शरद जोशी निराळे. १९३१ मध्ये उज्जैनला जन्मलेल्या या हिंदी व्यंग्यकाराने मध्य प्रदेश सरकारच्या माहिती खात्यात नोकरी केली आणि पुढे ती सोडून लेखणीवर संसार चालवला. ‘जीप पर सवार इल्लियाँ’ लिहिणाऱ्याला सरकारी दौऱ्यांचा थाट आतून ठाऊक होता. कविसंमेलनात गद्य वाचून ते श्रोत्यांना खिळवून ठेवत. संवादाची लय कानावर तोलण्याची ही सवय मालिकेत कामी आली असावी.

मालिकेची रचना पाहण्यासारखी आहे. घर तेच, रणजित आणि रेणू हे जोडपे तेच, रेणूचा भाऊ राजाही तोच. बदलत असे तो बाहेरून येणारा माणूस. सतीश शहा भागागणिक नव्या रूपात येत. त्यांच्या अशा ५५ भूमिका झाल्याचे सांगितले जाते. एकाच नटाला रोज नवे सोंग देण्यात गंमत होतीच, पण लेखकाची सोयही होती. कुटुंबाला धक्का न लावता दर आठवड्याला नवे संकट दारात उभे करता येई.

पडद्यामागे मराठी हातही कमी नव्हते. प्रायोजक होती केशव पेंढारकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘विको’. रणजित साकारणारे शफी इनामदार मूळचे दापोली तालुक्यातले आणि त्यांच्या पत्नी म्हणजे ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे. मालिकेच्या दिग्दर्शकांपैकी एक असलेल्या कुंदन शहांच्या ‘जाने भी दो यारों’मध्ये (१९८३) भक्ती बर्वे आणि सतीश शहा दोघेही होते. नाट्यवर्तुळातली ही ओळखदेख दूरदर्शनच्या त्या काळातल्या अनेक मालिकांना पुरून उरली.

प्रेक्षकांनी चेहरे लक्षात ठेवले, लेखक मात्र श्रेयनामावलीत राहिला. जोशी १९९१ मध्ये मुंबईत निवर्तले. त्यांच्या कथांवर बेतलेली ‘लापतागंज’ २००९ मध्ये सब वाहिनीवर आली, तेव्हा कुठे त्यांचे नाव मालिकेच्या शीर्षकाला जोडून झळकले.